बारा फुटांची पाटी

अमरगोळच्या बाजार आवाराकडं जाणारा एक रस्ता रेल्वेच्या पुलाखालून जायचा. पूल बुटका. वर मीटरगेजचा एकेरी रूळ, खाली एका वेळी एकच ट्रक निघेल एवढी वाट, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी गर्डरवर ठोकलेली पांढरी पाटी. उंची बारा फूट. कन्नडमध्ये एकदा, इंग्रजीत एकदा. हुबळी-धारवाडच्या टापूत एवढी स्वच्छ पाटी दुसरी नसेल. धूळ नाही, गंज नाही, काळे आकडे असे ठसठशीत की चाळिशी लागलेल्या माणसालाही लांबून दिसावेत. हे सगळं आनंदा कीमनचं काम.

कीमन म्हणजे कोण, हे ज्यांचा रेल्वेशी संबंध तिकिटापुरता त्यांना सांगावं लागेल. रोज सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून आपल्या वाट्याचा रूळ पायी चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या कुठं सैल झाल्यात ते बघायचं आणि ठोकून घट्ट करायच्या. पाऊस असो, ऊन असो, घरात पाहुणे असोत. गाडीतल्या लोकांना हा माणूस क्षणभर दिसतो आणि मागं पडतो. आनंदाला त्याचं काही वाटत नसे. "मी न्हाई दिसलो तर चालतंय," तो म्हणायचा, "माझा रूळ सरळ दिसला म्हंजे झालं."

अडुसष्ट साली तो रूळ सांभाळणाऱ्या या तुकडीवर आला. त्याआधी वस्तीतल्या बुद्ध विहारात संध्याकाळचा वर्ग चालायचा, तिथं तो तिशीत अक्षर शिकला. आधी मराठी, मग कन्नड, मग कामापुरतं इंग्रजी. ज्या घरात सात पिढ्या कागद म्हणजे दुसऱ्याच्या हातातली वस्तू, त्या घरातला माणूस सही करायला लागला म्हटल्यावर त्या सहीची मिजास असणारच. महिन्याच्या शेवटी तुकडीच्या वहीत एक ओळ असायची, 'पुलाची पाटी स्वच्छ व बरोबर', आणि त्यापुढं आनंदाची सही. अशी फर्मास, शेपूट ओढलेली सही साहेबालाही जमत नव्हती. दरवर्षी जयंतीच्या आधी घराला चुना आणि पुलाच्या पाटीला रंग, हे त्याचे दोन ठरलेले कार्यक्रम. आकडे तो स्वतः काढायचा, जीभ दातांत धरून.

तर एवढी देखणी पाटी असूनही ट्रक पुलाला ठोकायचेच. सुरुवातीला वर्षातून एखादा. पंच्याहत्तर-शहात्तरनंतर दोन महिन्यांतून एक. पुढं पुढं तर महिना कोरडा जाईना. एकदा ब्याडगी मिरचीनं भरलेला ट्रक अडकला, वरची पोती फाटली, आणि तीन दिवस त्या रस्त्यानं जो जाईल तो शिंकत जाईल असा प्रकार झाला. वरून मालगाडी गेली तर तिचा गार्डही शिंकताना लोकांनी पाहिला. हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं, आनंदाचं मात्र नाही. तो त्या ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेला होता. "डोळं हाईत का बटाटं? एवढं मोठं ल्हिवलंय, वाचाय येत न्हाई? शाळंत गेला न्हाईस का?" प्रत्येकाला हेच. त्याचं निदान पक्कं होतं, की ड्रायव्हर लोक दिवसेंदिवस बिघडत चाललेत. एक पितो, एक झोपतो, उरलेल्यांना वाचता येत नाही.

पुलाशेजारी दुर्गव्वाची चहाची टपरी होती. बाई अळणावरकडची, मराठी बोलणारी, नवरा गेल्यावर एकटीनं धंदा उभा केलेला. आवाज असा की धारवाडात बोलली तर हुबळीत ऐकू यावं. ती आनंदाला आनंदण्णा म्हणायची, तो तिला अक्का म्हणायचा, आणि दोघांचं रोज भांडण व्हायचं, कारण त्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे. "आनंदण्णा, सगळीच कशी रे आंधळी असतील?" ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, "अक्का, तू चहा कर." इथंच त्यानं थोडं थांबायला हवं होतं, पण शहाण्या माणसाला कोण सांगणार.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र ही गोष्ट थट्टेची राहिली नाही. आनंदाची मुलगी विशाखा धारवाडला कॉलेजात जायला लागली. वस्तीतली पहिली पोरगी. सकाळची पॅसेंजर हुबळीहून सुटायची आणि पावणेनऊच्या सुमाराला त्या पुलावरून जायची. आनंदा त्या वेळी जिथं असेल तिथून गाडीकडं बघायचा. खिडकीतून एक हात बाहेर यायचा. तो हात दिसला की त्याचा दिवस सुरू व्हायचा.

आणि गाडी पूल ओलांडून जाईपर्यंत तो रोज जागचा हलत नसे. कारण खालून ट्रक आदळला तर काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. नुसतं पोतं फाटलं तर काही नाही. पण जड माल जोरात बसला तर गर्डर आपल्या बैठकीवरून सरकतो, गर्डरबरोबर वरचा रूळ सरकतो, आणि वरून येणाऱ्या गाडीला ते कोण सांगणार? चार बोटं रूळ हलला तरी डबे खाली रस्त्यावर यायचे. बायकोला, शेवंताला, त्यानं हे कधी सांगितलं नाही. तीच एकदा म्हणाली, "पुलावरनं गाडी गेली की तुमचा जीव खाली पडतोय, मला काय कळत न्हाई व्हय?"

मग आनंदानं डोकं चालवलं. पुलाच्या अलीकडं शंभर पावलांवर एका बाजूला कडुलिंबाचं झाड, दुसऱ्या बाजूला जुना तारेचा खांब. त्यानं दोहोंमध्ये जाड दोर बांधला आणि त्याला डालड्याचे रिकामे डबे लटकवले. एका बांबूवर बारा फुटांची खूण केली, बांबू रस्त्यावर उभा धरला आणि डब्यांचे तळ बरोबर त्या खुणेला आणले. बारा फुटांच्या वर माल असेल तर डबे खणखणाट करतील, ड्रायव्हर थांबेल. साधी, सोपी, बिनपैशाची युक्ती. दुसरीकडून येणाऱ्यांसाठीही तसाच एक दोर.

आता इथं एक गोष्ट नीट बघून ठेवा. हातात बारा फुटांचा बांबू होता. पूल शंभर पावलांवर होता. पण तो बांबू पुलाखाली नेऊन धरावा असं काही आनंदाच्या मनात आलं नाही. का यावं? तिथं पाटी होती.

दोर आठ दिवस टिकला. मग चोरीला गेला, डब्यांसकट. पुन्हा बांधला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा दोर राहिला, पण एक ट्रक त्याखालून गुपचूप गेला, एक डबा वाजला नाही, आणि पुढं पुलाला धाडकन बसला. दुर्गव्वानं टपरीतून पाहिलं. "डबं तर वाजलंच न्हाईत," ती म्हणाली. आनंदानं ठरवून टाकलं की वाऱ्यानं दोर वर उचलला असेल. चौथ्यांदा पुन्हा दोर चोरीला गेला तेव्हा तो टपरीवर डोक्याला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर आला आणि बघतच राहिला. नवा दोर, नवे डबे, आणि दोराला लिंबाचे डहाळे, हळदीनं पिवळं केलेलं फडकं, मध्ये हिरव्या बांगड्या. दोन्ही बाजूंना. दुर्गव्वा कमरेवर हात ठेवून उभी होती. "आता चोरून दाखवा म्हणावं."

त्या भागात वाटेवर असा दोर दिसला की लोक समजतात, देवीनं शीव बांधली आहे. त्याला कोण हात लावतो? चोरी तर बंद झालीच, पण भलतंच घडलं. ट्रक थांबायला लागले. ड्रायव्हर खाली उतरायचे, चपला काढायचे, कुणी नारळ फोडायचा, कुणी नुसते हात जोडायचा, आणि मग पहिल्या गिअरमध्ये, वर बघत बघत, मुंगीच्या पावलानं पुलाखालून जायचे. माल लागतोय असं वाटलं की थांबून मागं यायचे. दोन महिने झाले, तीन झाले, पुलाला एक ओरखडा नाही. तुकडीतले लोक दुर्गव्वाला हसत हसत पुजारीण म्हणायला लागले आणि तीही एखादं खोबरं हसत हसत वाटून टाकायची.

आनंदा ते खोबरं घेत नसे. तो टपरीवर यायचाही बंद झाला. लांबून जायचा, मान खाली घालून. त्या लिंबाच्या डहाळ्यांकडं बघितलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. त्याची आत्या लक्कव्वा सात वर्षांची असताना तिला असाच लिंबाचा पाला नेसवून देवीला सोडलं होतं. पुढं ती दारोदार फिरली आणि तिशीत खोकून खोकून मेली. आनंदा तेव्हा लहान होता, पण तिचा हात त्याला आठवत होता, कारण तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्याच्या बापानं घरातले देव बाहेर काढले तेव्हा शेजारचे म्हणाले होते, कोप होईल. बाप म्हणाला, "व्हायचा त्यो माझ्या बहिणीवर झालाय." आणि आता आनंदाच्या स्वतःच्या दोरावर, त्यानं बांबूनं मोजून बांधलेल्या दोरावर, तोच पाला लटकत होता. त्याच पाल्यामुळं त्याची लेक सुखरूप पुलावरून जात होती. हे त्याला सहन होईना.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात एका सकाळी त्यानं विळा घेतला, झाडावर चढला आणि पाला, फडकं, बांगड्या सगळं कापून काढलं. दोन्हीकडचं. दोर आणि डबे ठेवले. दुर्गव्वा धावत आली. "काय करतोस तू? कुणाचं काय खातंय ते?"

"लोकांनी पाटी वाचून थांबावं, भिऊन न्हाई," तो म्हणाला.

"आणि न्हाई थांबले तर?"

"पाटी खोटी न्हाई अक्का. खोटं ह्ये हाय."

दुर्गव्वा जी टपरीत गेली ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. मागून मात्र नऊ दिवस त्याचा उद्धार करत होती, आणि तिचा आवाज कसा होता ते सांगितलंच आहे.

दहाव्या दिवशी, साडेआठला, आनंदा पुलाच्या अलीकडं रुळावरच होता. बाजाराकडून एक ट्रक आला, कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला. एकेक गाठ लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, चार-चार मणांची. वेगात होता. दोराखालून गेला. डबे वाजले नाहीत. आणि मग आनंदाच्या पायाखालची जमीन हादरली.

तो पळत पुलावर गेला. गर्डर सरकला होता. वरचा रूळ बाकदार दिसत होता, चांगला चार-पाच बोटं. पॅसेंजरला पंधरा मिनिटं होती. नियम तोंडपाठ होता. आधी जागेवर लाल बावटा, मग गाडी येणार त्या बाजूला पळत जाऊन रुळावर फटाके बसवायचे, म्हणजे इंजिनाचं चाक त्यावर आलं की बार होतो आणि ड्रायव्हर ब्रेक दाबतो. बावटा रोवायला गेला तर खडीत काठी उभी राहीना. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी धापा टाकत वर येत होतं. दुर्गव्वा. साठीची, जड अंगाची, गुडघे गेलेली बाई, हातापायांवर चढत होती.

"दे इकडं," ती म्हणाली आणि बावटा त्याच्या हातातून ओढून घेतला. "मी धरते. तू पळ. पोरगी हाय त्या गाडीत."

तो पळाला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, खडीवरून, रुळाखालच्या स्लीपरांवरून, पिशवीतले फटाके छातीशी धरून. पहिला बसवला, पुढं पळाला, आणखी तीन बसवले, आणि दुसरा लाल बावटा दोन्ही हातांनी हलवत रुळाच्या मधोमध उभा राहिला. गाडी दिसली. बार झाले. इंजिन शिट्टी मारत, ब्रेक करकरत त्याच्यापासून तीस पावलांवर थांबलं. कुठल्या तरी डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, रोजच्यासारखा. आनंदा रुळावर बसला आणि रडला. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

सगळं मार्गी लावून तो पुलाखाली उतरला तेव्हा ड्रायव्हर फुटक्या काचेशेजारी रस्त्यावर बसला होता. नाव यल्लाप्पा, नवलगुंदकडचा, कपाळावर रक्त. आनंदानं त्याची गचांडी धरली आणि नेहमीचा पाढा सुरू केला. डोळं हाईत का, वाचाय येत न्हाई का.

"ना ओदीनि री," यल्लाप्पा हळूच म्हणाला. मी वाचलंय. मग मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला लागला. सातवीपर्यंत शाळा झाली होती. माल भरल्यावर कापूस दाबायच्या प्रेसच्या दारात बांबू लावून मोजला होता, पावणेबारा फूट. पाटीवर बारा. म्हणून वेगात आला. "ज्याला वाचता येत न्हाई तो भिऊन हळू जातो. मी वाचलं, म्हणून मेलो."

आनंदाचे हात सुटले. तो गेला, बारा फुटांचा बांबू घेऊन आला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो पुलाखाली उभा धरला. बांबू उभा राहीना. वाकडा करावा लागला. दुसरीकडं धरला, तिथंही तेच. खूण करून मोजलं तर अकरा फूट पाच इंच.

सात इंच कुठं गेले? पूल खाली आला नव्हता. रस्ता वर आला होता. दर एक-दोन वर्षांनी उन्हाळ्यात रस्त्यावर खडी-डांबराचा नवा थर पडायचा, जुना न उकरता, आणि थर पडला की आनंदाच खुश व्हायचा, की चला, पुलाखालचे खड्डे गेले. ज्यांनी थर टाकले त्यांनी वर बघितलं नाही. ज्यानं पाटी रंगवली त्यानं खाली बघितलं नाही. आणि दरवर्षी तो जीभ दातांत धरून त्यावर बारा काढत होता.

दुर्गव्वा मागं उभी राहून सगळं बघत होती. तिला बोलायचा हक्क होता, चांगला तासभर. पण ती एवढंच म्हणाली, "तुझी पाटी बी खोटं बोलती की रे, आनंदण्णा." आणि त्याला टपरीत नेऊन बसवलं, यल्लाप्पालाही बसवलं, कपाळाला हळद लावली. चहा पिता पिता आनंदानं तिला आत्याची गोष्ट सांगितली. कुणाला न सांगितलेली. दुर्गव्वा बराच वेळ स्टोव्हला पंप मारत राहिली. मग म्हणाली, "मला आधी सांगायचं न्हाई व्हय? मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या असत्या. चोर माझ्या तोंडालाबी भितात."

त्याच दिवशी दोघांनी मिळून दोर खाली घेतला, अकरा फुटांवर, चिंध्या बांधून. येणाऱ्या प्रत्येक ट्रकला दुर्गव्वा टपरीतून ओरडून आकडा सांगायला लागली. पाटीवरचा बारा आनंदानं डांबर फासून काळा केला.

आता खरी पंचाईत. चौकशी लागली. गाडी अडकली, गर्डर सरकला, कुणाची तरी मान जाणार होती. त्यात आनंदाचं मेटच्या जागेवर नाव गेलेलं. मेट म्हणजे सगळ्या तुकडीचा मुकादम. वस्तीतल्या कुणाला ती जागा अजून मिळाली नव्हती. कागद तयार होता, नुसती सही व्हायची होती. त्यांचे साहेब गुरुराज, म्हणजे त्या भागाच्या रुळाचे इन्स्पेक्टर, माणूस भला, आनंदावर जीव असलेला. चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांनी बोलावून सांगितलं, "आनंदा, तू गाडी वाचवलीस. सगळे तुझं नाव घेतायत. जबाब सोपा ठेव. पाटी बारा फूट, ड्रायव्हरनं ऐकलं नाही. एवढंच. बाकी पाटी आपण हळूच बदलून घेऊ."

"मग यल्लाप्पाचं काय हुईल साहेब?"

"लायसन जाईल. थोडी शिक्षा होईल." साहेबांनी बाहेर बघितलं. "आणि तू खरं सांगितलंस तर? तुझ्या सह्या आहेत वहीत. अकरा वर्षं, दर महिन्याला. स्वच्छ व बरोबर. मेटचं नाव विसर."

घरी आल्यावर त्यानं शेवंताला सांगितलं. विशाखाही तिथंच पुस्तक घेऊन बसली होती. शेवंता भाकरी थापत होती ती थांबली नाही. मेटच्या जागेची बातमी तिनं अख्ख्या वस्तीत सांगून ठेवली होती, तीन महिन्यांपासून. "लोक काय म्हणतील ते म्हणूद्यात," ती शेवटी म्हणाली. "पण उद्या तुम्ही खोटी सही केली, तर या पोरीला शिकायला कशाला पाठवायचं?"

विशाखानं कोरा कागद घेतला आणि म्हणाली, "अप्पा, सांगा. मी नीट लिहून देते. मापं आधी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आनंदानं तो कागद पुढं ठेवला. रूळ केवढा सरकला, पूल खरा केवढा, पाटीवर काय होतं, सगळं. शेवटची ओळ त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती. 'पाटी मी दर महिन्याला पुसली, दर वर्षी रंगवली, पण कधी मोजली नाही. ड्रायव्हरची चूक नाही.' खाली सही. या वेळी शेपूट न ओढता.

गुरुराज साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग कपाटातून तुकडीच्या जुन्या वह्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. आनंदाच्या प्रत्येक सहीखाली दुसरी एक सही होती, बारीक, निळ्या शाईतली. साहेबांची. "मीही कधी मोजलं नव्हतं," ते म्हणाले आणि आनंदाच्या कागदावर, त्याच्या सहीखाली, आपलीही सही केली.

शिक्षा दोघांनाही झाली. साहेबांना ठपका, आणि आनंदाचं मेटचं नाव यादीतून गेलं. ती जागा त्याला पुढं चौऱ्याऐंशीत मिळाली, पण ती वेगळी गोष्ट. यल्लाप्पाचं लायसन राहिलं. वस्तीत चार दिवस शेवंता कुणाला तोंड दाखवायला तयार नव्हती, पाचव्या दिवशी ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटली, आणि सांगताना तिचा आवाज दुर्गव्वाला मागं टाकत होता. मार्चपर्यंत पुलाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमान आली, आणि पाटीवर नवा आकडा.

एप्रिलात साहेबांनी आसपासच्या सगळ्या तुकड्यांचे कीमन त्या पुलाखाली बोलावले. बावीस जण. रस्त्याकडेला सावलीत बसले. साहेबांनी स्टीलचा टेप आनंदाच्या हातात दिला. "आजपासून मोजल्याशिवाय कुणी सही करायची नाही. कसं मोजायचं ते हा दाखवेल." शिक्षा झालेल्या माणसाकडून धडा घ्यायचा म्हणून दोघा-तिघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. आनंदानं ते पाहिलं. त्यानं टेप कुठं धरायचा, रस्त्याच्या मधोमध नव्हे, उंचवट्यावर कसा धरायचा, दोन्ही बाजू का बघायच्या, डांबराचा थर पडला की त्याच आठवड्यात का यायचं, सगळं सावकाश दाखवलं.

मागं बसलेला नागोजी नावाचा नवा कीमन होता, केलगेरीकडच्या तुकडीतला. त्यानं विचारलं, "पण शेवटी चूक कुणाची धरली? रस्तावाल्यांची का ड्रायव्हरची?"

साहेब चष्मा पुसायला लागले. टपरीत दुर्गव्वानं स्टोव्ह बंद केला.

"माझी," आनंदा म्हणाला. "अकरा वर्सं. ये इकडं, ह्ये टोक धर."

नागोजी उठला आणि त्यानं टोक धरलं. महिन्याच्या शेवटी त्याच्या तुकडीची वही साहेबांकडं आली तेव्हा 'पुलाची पाटी स्वच्छ व बरोबर' या ओळीपुढं सही नव्हती. त्या जागेत त्यानं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, मोजली, नऊ इंच कमी आहे.